ताणप्रथिनं, प्रतिकारशक्ती आणि हाडाचा कर्करोग

गुलबाशी

मागच्या आठवड्यात आरोग्य विभागातल्या एका धाग्यावर "ताणामुळेच कर्करोग होतो" असं कुणीतरी लिहिलं आणि पुरावा म्हणून 'स्ट्रेस प्रोटीन'बद्दलच्या एका बातमीचा हवाला दिला. त्याखाली एका आईने विचारलं होतं, "म्हणजे माझ्या मुलाला हे आमच्यामुळे झालं का?" तो प्रश्न वाचून मला झोप लागली नाही. तिथे चार ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मी प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांबद्दल सल्ला देणार नाही.

आधी हे नाव कुठून आलं ते सांगते. १९६२ साली इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाश्यांच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं बघत होते. प्रयोगशाळेत कुणीतरी उबवण यंत्राचं तापमान वाढवून ठेवलं होतं. त्या माश्यांच्या गुणसूत्रांवर नेहमी न दिसणाऱ्या जागी फुगवटे आले होते, म्हणजे उष्णतेने काही जनुकं एकदम कामाला लागली होती. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिनं १९७४ साली सापडली आणि त्यांना 'हीट शॉक प्रोटीन' (एचएसपी) हे नाव पडलं. पुढे कळलं की उष्णताच लागते असं नाही. प्राणवायू कमी पडला, साखर संपली, विषारी औषध आलं, किरणांचा मारा झाला, तरी पेशी हीच प्रथिनं बनवते. म्हणून 'स्ट्रेस प्रोटीन', ताणप्रथिनं. हा ताण पेशीचा आहे. परीक्षेचा, कर्जाचा, घरातल्या भांडणाचा नव्हे.

ती करतात काय? प्रत्येक प्रथिन म्हणजे एक लांब साखळी, आणि तिची नेमकी घडी बसली तरच ती कामाची. घडी बसेपर्यंत तिला सांभाळायचं, भलत्याला चिकटू द्यायचं नाही, विस्कटली तर पुन्हा बसवून द्यायची, अगदीच वाया गेली तर मोडीत पाठवायची, हे या प्रथिनांचं काम. शास्त्रज्ञ त्यांना 'शॅपरॉन' म्हणतात. आपल्याकडे याला फार सुंदर शब्द आहे: पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरी जाते, ती रुळेपर्यंत सोबत राहते आणि मग परतते. एचएसपी ७०, एचएसपी ९० यांतले आकडे म्हणजे त्या प्रथिनाचं किलोडाल्टनमधलं वजन, बाकी काही नाही.

आता हाडाकडे. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा मूळ कर्करोग बहुतेक वेळा उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात होतो, आणि तोही जिथे हाड सर्वांत जोरात वाढतं तिथे: मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीचं वरचं टोक, दंडाचं खांद्याजवळचं टोक. याच्या पेशींतली गुणसूत्रं अक्षरशः तुकडे होऊन भलतीकडे जोडलेली असतात. बिघडलेल्या पेशीला थांबवणारा पी५३ नावाचा राखणदार बहुतेक गाठींमध्ये निकामी झालेला असतो. अशी पेशी चुकीच्या घडीची प्रथिनं ढिगाने बनवते. त्यात गाठीच्या पोटात रक्तपुरवठा अपुरा. म्हणजे ही पेशी कायमच ताणाखाली, आणि पाठराखिणींच्या जिवावर तगलेली. एचएसपी २७ आणि ७० तिला आत्मघातापासून वाचवतात. जपानमधल्या अभ्यासांत ज्या रुग्णांच्या गाठीत एचएसपी २७ जास्त होतं त्यांचं पुढचं भवितव्य तुलनेने वाईट दिसलं.

इथपर्यंत वाचलं तर ही प्रथिनं शत्रूच वाटतील. पण मला या विषयात खरी गोडी लागली ती पुढच्या भागामुळे.

प्रमोद श्रीवास्तव यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीविज्ञानाच्या संशोधन केंद्रात पीएचडी केली आणि नंतर न्यूयॉर्कला लॉइड ओल्ड या प्रतिकारशास्त्रज्ञाबरोबर काम केलं. प्रश्न जुनाच होता: उंदराला त्याच्याच सार्कोमाच्या (हाड, स्नायू अशा ऊतींत होणाऱ्या कर्करोगाच्या) मेलेल्या पेशी टोचल्या तर तो पुढे त्या गाठीला दाद देत नाही; मग त्या पेशींतली नेमकी कोणती वस्तू हे करते? गाठीचा लगदा करून एकेक भाग वेगळा करत ते १९८६ साली जीपी९६ या प्रथिनापर्यंत पोचले. ते निघालं एचएसपी ९० च्या कुळातलं, म्हणजे साधी पाठराखीण. शिवाय गाठीतलं जीपी९६ आणि निरोगी पेशीतलं जीपी९६ यांच्या रचनेत फरक सापडेना. तरीही 'अ' गाठीतून काढलेलं जीपी९६ उंदराला 'अ' गाठीपासूनच वाचवायचं, 'ब' पासून नाही.

कोडं सुटलं ते असं. पाठराखीण एकटी नव्हती. तिच्या पदरात त्या पेशीतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे होते, आणि प्रत्येक गाठीचे तुकडे वेगळे. १९९३ साली एचएसपी ७० वर केलेला प्रयोग मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घातलं की एचएसपी ७० आपल्या पदरातले तुकडे सोडून देतं. असं रिकामं केलेलं प्रथिन टोचलं तर उंदराला काहीही संरक्षण मिळालं नाही! २००० साली डेंड्रायटिक पेशींसारख्या टेहळ्या पेशींवरचा सीडी९१ हा दरवाजाही सापडला. पेशी फुटते, पाठराखीण पदरातल्या पुराव्यासह बाहेर पडते, टेहळी पेशी तिला आत घेते आणि तो पुरावा टी पेशींना, म्हणजे रोगट पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवते.

दुसरा रस्ता एनके ('नॅचरल किलर') पेशींचा, म्हणजे आधीची ओळख नसतानाही रोगट पेशी मारणाऱ्या पेशींचा. जर्मनीत गाब्रिएले मुल्टहॉफ यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवलं की सार्कोमाच्या पेशींना उष्णता दिली की एचएसपी ७० पेशीच्या बाहेरच्या आवरणावर येऊन बसतं, आणि एनके पेशी अशा पेशींना जास्त मारतात. निरोगी पेशींवर ते असं बाहेर दिसलं नाही.

तर मला म्हणायचंय ते एवढंच: तेच प्रथिन पेशीच्या आत असेल तर ढाल, आणि बाहेर आलं तर चुगली. म्हणून "ताणप्रथिन वाढलं" ही बातमी चांगली की वाईट, हे ते कुठे वाढलं हे कळल्याशिवाय सांगता येत नाही.

ओवी_नाशिक

तो प्रश्न विचारणारी आई मीच. धागा दोनदा वाचला.

मुलगा तेव्हा आठवीत होता. क्रिकेट खेळताना गुडघ्याला चेंडू लागला आणि दुखायला लागलं. जिथे आधी दाखवलं तिथे मुका मार म्हणून गोळ्या दिल्या. मग ओळखीतल्या एकांनी सुचवलं म्हणून दीड महिना तेल लावून मालिश केली. दिवसा बरा असायचा, रात्री मात्र दुखण्याने उठून बसायचा. सूज कमी होईना तेव्हा एक्स-रे काढला, आणि तो बघून डॉक्टर गप्पच झाले. त्यानंतर बायोप्सी, केमो, शस्त्रक्रिया, परत केमो. पाय वाचला. आता दोन वर्षं होतील.

त्या वर्षी आम्ही त्याला शिष्यवृत्ती परीक्षेसाठी फार पिळलं होतं. पहाटे पाचला उठवायचो. हे टाइप करतानाही हात थरथरतोय. मनाच्या ताणाने पेशीवर ताण येत नाही का? आणि त्याच्या बायोप्सीच्या अहवालात या प्रथिनांचा उल्लेखच नाही, ती तपासणी राहून गेली का?

गुलबाशी

ताई, नाही. तुम्ही पहाटे उठवलंत म्हणून त्याच्या हाडात गाठ झाली नाही. या रोगाची सुरुवात गुणसूत्रांच्या मोडतोडीतून होते. काही थोड्या मुलांमध्ये जन्मजात जनुकीय दोष असतो, काहींना आधी दुसऱ्या आजारासाठी किरणोपचार झालेले असतात, आणि बहुतेकांमध्ये काहीच कारण सापडत नाही. अभ्यासाचा ताण त्या यादीत नाही. चेंडूही नाही. चेंडू लागला म्हणून तिकडे लक्ष गेलं, इतकंच. गाठ आधीच होती.

तपासणी राहून गेलेली नाही. हाडाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या अहवालात ही प्रथिनं बघत नाहीत, कारण त्यावरून उपचार बदलत नाहीत. व्हिएन्नातल्या एका गटाने यावर चांगलं काम केलं आहे. १९९८ मध्ये त्यांना दिसलं की बायोप्सीत एचएसपी ७२ (एचएसपी ७० चंच ताणात वाढणारं रूप) असलेल्या गाठी शस्त्रक्रियेआधीच्या केमोला चांगला प्रतिसाद देतात. २००० मध्ये त्यांनी रुग्णांच्या रक्तात एचएसपी ९० विरुद्धच्या अँटीबॉडी मोजल्या, आणि त्यांचाही केमोच्या प्रतिसादाशी संबंध आढळला. म्हणजे या मुलांच्या प्रतिकारयंत्रणेला ही प्रथिनं 'दिसली' होती. पण असे अभ्यास थोड्या रुग्णांवरचे असतात. डॉक्टर ज्यावर भर देतात तो आकडा वेगळा: शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा किती भाग केमोने मेला होता. ९० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर चांगला प्रतिसाद मानतात. तो तुमच्या अहवालात नक्की असेल.

ओवी_नाशिक

आहे. ९४ लिहिलंय. तेव्हा डॉक्टर हसले होते, त्याचा अर्थ आज नीट कळला.

सह्यकडा

लेख आवडला, पण एक शंका. मी अभियंता आहे, त्यामुळे सरळच विचारतो. १९८६ साली उंदरांत इतकं स्पष्ट दिसलं, तर आज चाळीस वर्षांनी रुग्णालयात याची लस का नाही?

गुलबाशी

लस झाली होती. रुग्णाचीच गाठ काढून, तिच्यातलं जीपी९६ वेगळं करून त्याच रुग्णाला टोचायचं, असं व्हायटेस्पेन नावाचं औषध होतं. मूत्रपिंडाच्या कर्करोगावर त्याची मोठी चाचणी झाली. २००८ साली निष्कर्ष आले तेव्हा सगळ्या रुग्णांचा एकत्र हिशेब करता रोग परतण्यात फरक दिसला नाही. रशियाने त्याच वर्षी मान्यता दिली, इतरत्र ते रुजलं नाही.

हाडात अडचण आणखी मोठी. अशा लसीसाठी बरीच जिवंत गाठ लागते. इथे आधी केमो देतात, त्यामुळे शस्त्रक्रियेपर्यंत गाठ बरीचशी मेलेली असते, आणि उरलेली हाडासारखी कडक.

दुसरं, आमच्या क्षेत्राचीच एक चूक प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००० च्या आसपास "एचएसपी ७० नुसतं टेहळ्या पेशींवर टाकलं तरी त्या खवळतात" असे बरेच निबंध आले. त्यातलं पुष्कळसं एचएसपी ७० ई. कोलाय जिवाणूंमध्ये बनवलेलं होतं. नंतर, २००३ च्या सुमारास, लक्षात आलं की खवळण्याचं बरंचसं श्रेय त्याच्यासोबत आलेल्या जिवाणूंच्या विषाला होतं. प्रथिन नीट शुद्ध केलं की तो परिणाम ओसरायचा. पदरातल्या तुकड्यांचं निरीक्षण मात्र टिकलं.

तिसरं कारण गाठीचा कावेबाजपणा. गाठी एचएसपी ७० असलेल्या सूक्ष्म पुटिका बाहेर सोडतात, आणि उंदरांत असं दिसलंय की त्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या पेशींना बळ देतात. म्हणजे 'बाहेर आलं की चुगली' हे मी वर फार सरळ करून लिहिलं. नुसतं बाहेर येणं पुरत नाही, कोणत्या रूपात आणि कुणाच्या हाती लागतं तेही बघावं लागतं.

याच्याच जवळची एक गोष्ट: पेशीवर ताण आला की एमआयसीए नावाचं प्रथिनही बाहेर झळकतं. त्याच्या जनुकाजवळ हीट शॉक जनुकांसारखीच उष्णतेची कळ आहे. एनके पेशी एनकेजी२डी या हाताने ते ओळखतात. मग गाठ काय करते, तर हेच एमआयसीए कापून रक्तात सोडून देते. एनके पेशींचे हात तिथेच गुंततात.

सह्यकडा

धन्यवाद. अपयश इतक्या उघडपणे मांडल्याने आधीच्या भागावरचा विश्वास उलट वाढला. आणि ती नवी इम्युनोथेरपी? माझ्या काकांना फुफ्फुसाच्या कर्करोगात खूप फायदा झाला.

गुलबाशी

पेम्ब्रोलिझुमॅब, म्हणजे टी पेशींवरचा ब्रेक सोडणारं औषध, म्हणत असाल तर सार्कोमासाठीच्या चाचणीत, २०१७ साली, ऑस्टिओसार्कोमाच्या २२ रुग्णांपैकी फक्त एकाची गाठ आकसली. निराशाजनक आहे. ब्रेक सोडून उपयोग नाही, गाडीला आधी इंजिन हवं. टी पेशी गाठीत पोचलेल्याच नसतील तर ब्रेक काढून काय होणार? म्हणूनच मला वाटतं की आधीची पायरी, म्हणजे गाठीचा पुरावा टेहळ्या पेशींच्या हाती नीट पडणं, ही या रोगात जास्त महत्त्वाची आहे.

आणि ती पायरी नेहमीच्या केमोतही काही अंशी घडत असावी. डॉक्सोरुबिसिन, ते लाल औषध, पेशीला अशा रीतीने मारतं की मरताना ती कॅलरेटिक्युलिन हे दुसरं पाठराखीण प्रथिन बाहेर आणून 'मला खा' अशी खूण करते. हे फ्रान्समधल्या गटांनी उंदरांत दाखवलं. सिस्प्लॅटिन या दुसऱ्या केमोच्या औषधाने ती खूण नीट उमटत नाही.

ओवी_नाशिक

लाल औषध! लघवीही लाल व्हायची, पहिल्यांदा आम्ही केवढे घाबरलो होतो. ते आत असं काही करत असेल हे ठाऊक नव्हतं.

खुरटा_निवडुंग

मी पशुवैद्य आहे. मोठ्या जातींच्या कुत्र्यांमध्ये हा रोग माणसांपेक्षा कितीतरी जास्त होतो, आणि गाठ बरीचशी माणसाच्या गाठीसारखीच वागते, फुफ्फुसात तशीच जाते. एक निरीक्षण आमच्या लोकांना ठाऊक असतं. पाय वाचवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या कुत्र्यांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला ती जास्त जगली. हे २००५ मध्ये छापून आलं. दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या शल्यचिकित्सकांनी माणसांतही तसंच नोंदवलं. गुलबाशीताई, याचा ताणप्रथिनांशी संबंध लावता येईल का?

गुलबाशी

थेट लावणार नाही. जंतुसंसर्गात ताप येतो, ताणप्रथिनं वाढतात, पण त्याच वेळी शेकडो इतर गोष्टीही घडतात. प्रश्न मात्र फार जुना आहे, आणि तो सुरूच झाला हाडाच्या सार्कोमापासून.

१८९० साली न्यूयॉर्कचे तरुण सर्जन विल्यम कोली यांच्याकडे एलिझाबेथ डॅशील नावाची सतरा वर्षांची मुलगी हात दुखतो म्हणून आली. प्रवासात हाताला लागलं होतं, त्यातून दुखणं सुरू झालं असं सगळ्यांना वाटत होतं. (ओवीताई, चेंडू आठवला ना.) निघाला सार्कोमा. हात कापूनही १८९१ च्या जानेवारीत ती गेली. कोलींना ते सहन झालं नाही. जुन्या नोंदी चाळताना त्यांना मानेच्या सार्कोमाचा एक रुग्ण सापडला, ज्याची गाठ विसर्प या त्वचेच्या जंतुसंसर्गानंतर, सडकून ताप येऊन, विरघळली होती. त्या माणसाला शोधत ते न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत दारोदार फिरले आणि तो धडधाकट सापडला. १८९३ पासून ते मेलेल्या जिवाणूंची विषं टोचू लागले. काहींना फायदा झाला, पण मात्रा ठरलेली नव्हती, परिणामांचा भरवसा नव्हता, आणि किरणोपचार आल्यावर ती पद्धत मागे पडली. पुढे १९५३ साली कोलींच्या मुलीने कर्करोगाच्या प्रतिकारशास्त्रासाठी एक संस्था काढली. श्रीवास्तवांबरोबर जीपी९६ शोधणारे लॉइड ओल्ड अनेक दशकं त्याच संस्थेचे शास्त्रीय संचालक होते. हा धागा असा फिरून जुळतो, तेव्हा मला फार भरून येतं.

कोलींच्या कल्पनेचं आजचं, मोजूनमापून केलेलं रूप म्हणजे मिफामुर्टाइड. जिवाणूच्या भिंतीतल्या एका तुकड्याची नक्कल, जी मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींना जागं करते. मोठ्या चाचणीत केमोला त्याची जोड दिल्यावर सहा वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ७० वरून ७८ टक्क्यांवर गेलं. युरोपने २००९ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने दिली नाही.

केवडा१२

म्हणजे ताप चांगलाच की! मग केमो चालू असताना गाठीवर शेक, गरम पाण्याचा टब, उष्ण काढे दिले तर ताणप्रथिनं वाढून फायदा होईल ना? माझ्या आत्तेभावाच्या मुलीची केमो चालू आहे, म्हणून विचारते.

मेतकूट_भात

मध्येच बोलतो. मी कर्करोग विभागात निवासी डॉक्टर आहे. ताई, कृपा करून असलं काही करू नका. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप गेला तर तो घरी बघत बसायचा ताप नसतो. पांढऱ्या पेशी कमी असतील तर काही तासांत मूल अत्यवस्थ होऊ शकतं. तसंच निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. गाठीवर शेक नको, मालिश तर मुळीच नको. आणि काढे केमोच्या औषधांशी कसे वागतील हे तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

ज्यांच्या घरी वाढत्या वयाची मुलं आहेत त्या सर्वांसाठी: एकाच जागी राहणारं, रात्री वाढणारं, दोन-तीन आठवड्यांत न ओसरणारं हाडाचं दुखणं असेल तर एक्स-रे काढा. वाढीचं दुखणं बहुधा दोन्ही पायांत असतं आणि सकाळी मूल खेळायला पळतं. आणि गाठीची शंका असेल तर बायोप्सी तिथेच करा जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार आहे. सुई किंवा छेद चुकीच्या जागी गेला तर वाचवता येणारा पाय जाऊ शकतो.

गुलबाशी

डॉक्टर, मनापासून आभार. हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं. केवडाताई, प्रयोगशाळेत आम्ही पेशींना ४२ अंश सेल्सिअसवर मोजून काही वेळ ठेवतो. बाहेरून दिलेल्या शेकाने हाडातल्या गाठीचं तापमान तसं नेमकं चढत नाही. आणि अर्धवट ताण मिळालेली पेशी मरण्याऐवजी ढाल आणखी घट्ट करते. थोडी उष्णता खाल्लेली पेशी पुढच्या माऱ्यात जास्त टिकते, हे या प्रथिनांबद्दलचं जुनं ज्ञान आहे.

केवडा१२

कळलं. लगेच फोन करून सांगते त्यांना.

ओवी_नाशिक

आज धागा मुलाला वाचून दाखवला. पाठराखीण म्हणजे काय ते आधी समजावावं लागलं, त्याने ती पाहिलीच नव्हती. मग त्याने एक प्रश्न विचारला तो जसाच्या तसा लिहिते: "माझं हाड बाहेर काढून, किरणं देऊन परत बसवलं. मग त्यातल्या मेलेल्या पेशींची चुगली झाली का?"

गुलबाशी

काय प्रश्न विचारलाय! त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाठ असलेला हाडाचा तुकडा शस्त्रक्रियेत बाहेर काढायचा, साफ करायचा, त्याला ५० ग्रे इतका मोठा किरणांचा डोस एकदम द्यायचा आणि तेच हाड परत जोडायचं, ही पद्धत मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही वापरली गेली आहे. इतक्या डोसने त्यातल्या पेशी मरतात. त्या हाडातून प्रतिकारयंत्रणेला काही शिकायला मिळतं, असं मी म्हणणार नाही. तिथे उद्देश हाड परत वापरता यावं एवढाच आहे.

पण जपानमध्ये कानाझावाला हेच हाड किरणांऐवजी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, २० मिनिटं गोठवतात आणि परत बसवतात. गोठवल्याने पेशी फुटतात, पण त्यांतली प्रथिनं शिजत नाहीत, बरीचशी शाबूत राहतात. म्हणून तिथल्या शल्यचिकित्सकांना अगदी तुमच्या मुलासारखाच प्रश्न पडला. उंदरांच्या ऑस्टिओसार्कोमावर त्यांनी गोठवलेल्या गाठीचा अर्क डेंड्रायटिक पेशींना खाऊ घालून त्या पेशी परत टोचल्या, आणि फुफ्फुसातल्या गाठींची वाढ रोखली गेली. माणसांत हे सिद्ध व्हायचं आहे.

ओवी_नाशिक

सांगितलं. आता त्याला गोठवलेल्या हाडाचा फोटो हवाय, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी याच विषयावर तक्ता करणार म्हणतोय. मंगळवारी छातीचा सीटी आहे, त्याच्या आधी पूर्ण करायचाय म्हणे. मिळेल का कुठे?

गुलबाशी

व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. तक्त्यात पाठराखिणीचं चित्र मात्र त्याने स्वतः काढावं, आणि पदर मोठा दाखवावा.